समुद्राचा महसूल आणि मांजराकाठची रयत

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाची साधने चाळू लागले, म्हणजे ताम्रपट, शिलालेख, फारसी तवारिखा, निजामी दफ्तरातील जमाबंदीचे तक्ते आणि अलीकडची गॅझेटियरे या साऱ्यांतून राजे भेटतात, किल्लेदार भेटतात, जहागीरदार, देशमुख, देशपांडे आणि त्यांच्या वतनांचे तंटे भेटतात. समुद्र मात्र क्वचितच भेटतो. भेटावा असे वरकरणी कारणही नाही. नांदेडहून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेचारशे किलोमीटर, बंगालचा उपसागर त्याहूनही लांब, आणि या मुलखातील कुणब्यांच्या कित्येक पिढ्या खारे पाणी डोळ्यांनी न पाहताच मातीआड झाल्या. असे असूनही ज्वारीचे कणीस किती भरेल, सारा वसूल होईल की तहकूब होईल, गाव नांदेल की परागंदा होईल, हे ठरविण्याचा अखत्यार देवगिरीच्या यादवांना, बिदरच्या सुलतानांना, दिल्लीच्या पातशहाला किंवा हैदराबादच्या निजामाला कधीच नव्हता. तो दूरवरच्या उबदार पाण्याकडे आणि त्या पाण्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याकडे होता.

हा अखत्यार चालतो कसा, हे समजून घेण्यास एखाद्या जुन्या सुभ्याच्या जमाबंदीची रीत उपयोगी पडते. सूर्याकडून येणाऱ्या उष्णतेची वसुली पृथ्वीवर सर्वत्र सारखी होत नाही; विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस, साधारण पस्तीस अंश अक्षांशांपर्यंतच्या पट्ट्यात, जेवढी उष्णता जमा होते तेवढी अवकाशात परत खर्ची पडत नाही, आणि त्यापलीकडे ध्रुवांकडे जावे तसा खर्च जमेहून वाढत जातो. ही शिल्लक जागच्या जागीच साचत राहती, तर उष्ण कटिबंध वर्षागणिक तापत गेला असता आणि ध्रुवाकडील प्रदेश गोठत गेले असते. तसे होत नाही, कारण शिलकीच्या परगण्यांतून तुटीच्या परगण्यांकडे भरणा पोहोचविणारे दोन वाहक अहोरात्र राबत असतात, एक वारा आणि दुसरा सागरी प्रवाह. एडमंड हॅले याने १६८६ मध्ये उष्ण कटिबंधातील समुद्रांवरील नियमित वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली याने विषुववृत्तावर तापून वर चढणारी हवा, तिची जागा घेण्यास धावणारे वारे आणि पृथ्वीच्या परिवलनाने त्यांना मिळणारा तिरपेपणा यांची संगती लावून दाखविली. या भरण्याचा मोठा हिस्सा वारा उचलतो. पण समुद्राचा हिस्साही उपेक्षणीय नाही, आणि उष्ण कटिबंधात तर तो विशेष जड असतो.

येथे हिंदी महासागराची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. अटलांटिक महासागरात गल्फ स्ट्रीम नावाचा प्रवाह फ्लॉरिडाजवळचे कोमट पाणी उत्तरेस लोटतो आणि त्याच्या विस्तारामुळे नॉर्वेची बंदरे भर हिवाळ्यातही गोठत नाहीत. प्रशांत महासागरात जपानजवळून वाहणारा कुरोशिओ तेच काम करतो. हिंदी महासागराला ही सोय नाही. त्याच्या उत्तरेस आशिया खंडाची भिंत उभी आहे, आणि अरबी समुद्रात साचलेल्या उष्णतेला उत्तरेकडे जाण्यास पाण्याची वाटच नाही. म्हणून ती दक्षिणेस विषुववृत्त ओलांडून प्रवाहांवाटे जाते, किंवा वाफ होऊन वाऱ्यावर आरूढ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता त्या वाफेत गुप्त होते, आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सर्वच्या सर्व हवेत मोकळी होते. लातुरास वर्षाकाठी सरासरी आठशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो असे धरले, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरावर आठशे लिटर पाणी उतरते, आणि ते ढगात बनताना जी उष्णता सुटते ती पाऊणशे किलो चांगल्या दगडी कोळशाच्या ज्वलनाइतकी भरते. शेतकरी ज्याला पाऊस म्हणतो, तो या दृष्टीने पाहता समुद्राने धाडलेल्या भरण्याची पोच होय.

हा भरणा घेऊन निघणारा नैर्ऋत्य वारा मुळात विषुववृत्ताच्याही दक्षिणेचा. मादागास्कर बेटाच्या आग्नेयेस हवेचा जो अधिक दाबाचा प्रदेश असतो तेथून तो निघतो, केनियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतो, आणि सोमालियावरून उजवीकडे वळून अरबी समुद्रावर झेपावतो. समुद्रसपाटीपासून एक ते दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्याचा एक अरुंद आणि विलक्षण वेगवान पट्टा असतो, हे १९६९ मध्ये फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याच्या झोताने सोमालियाच्या किनाऱ्यावरील कढत पाणी बाजूस सारले जाते, खोलातले थंड पाणी वर येते, आणि ऐन पावसाळ्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग वैशाखातल्यापेक्षा थंड होतो.

पण हा भरणा लातूरच्या मांजरा नदीकाठी सुखरूप पोहोचत नाही. वाटेत सह्याद्रीचा नाका आहे. वारा त्या कड्यावर चढताना थंडावतो आणि आपले ओझे तेथेच रिते करतो; महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून पूर्वेस चाळीस-पन्नास कोस गेले की त्याच वाऱ्याजवळ ढगांच्या सावल्यांखेरीज फारसे काही उरत नाही. पुढे बालाघाटाच्या पठारावर आणि गोदावरीच्या खोऱ्यात पाऊस पुन्हा थोडा वाढतो, त्यातही नांदेडच्या बाजूस, आणि किनवट-माहूरच्या जंगलात सर्वाधिक. ती कृपा मुख्यतः दुसऱ्या समुद्राची असते. बंगालच्या उपसागरात उठणारी कमी दाबाची क्षेत्रे ओरिसा आणि आंध्राच्या किनाऱ्यावरून पश्चिमेस सरकतात, आणि त्यांची एखादी शेपटी या दोन जिल्ह्यांवरून फिरली की तीन दिवसांची झड लागते. नांदेड-लातूर हा मुलूख अशा रीतीने दोन समुद्रांच्या अमलाच्या सरहद्दीवर, दोघांच्याही दरबारी शेवटच्या रांगेत बसलेला आहे. जून महिन्यात तो पश्चिमेकडे पाहतो आणि भाद्रपदात पूर्वेकडे.

रयतेने हे शास्त्र शाळेत न जाता ओळखले होते. मृगाचा पाऊस तिफण बाहेर काढण्यापुरता, आर्द्रा-पुनर्वसूचा पिके तगविण्यापुरता. परंतु उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांचा परतीचा पाऊस काळ्या जमिनीत मुरला, वापसा आला आणि रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई यांची पेर साधली, म्हणजे वर्षाची चिंता मिटली, असा येथला हिशेब. पंचांगकर्ते नक्षत्रांना बेडूक, कोल्हा, हत्ती, मोर अशी वाहने नेमून पावसाचे भाकीत करीत आले, आणि त्या भाकितांची मोजदाद कोणी ठेवली नाही हे पंचांगांचे भाग्यच म्हटले पाहिजे. पाऊस ओढ देऊ लागला की अंगाला लिंबाचे डहाळे बांधलेल्या पोराला दारोदार फिरवून त्याच्यावर पाणी ओतण्याचा धोंडीचा विधी होई. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला लातूर आणि धाराशिव भागात गावेच्या गावे ओस पडतात आणि माणसे शेतात जमतात; कडब्याची कोपी करून तीत पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, भज्जी, आंबील, उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवितात, आणि वाटसरूलाही आग्रहाने पंगतीस बसवितात. महाराष्ट्रात अन्यत्र हा सण या थाटाने होत नाही. रब्बी ज्यांच्या पोटाशी बांधलेली आहे आणि पूर्वेकडच्या पावसावर ज्यांची भिस्त आहे, त्यांचाच तो सण आहे, असे माझे मत आहे.

वाऱ्याने या प्रदेशाला केवळ पाऊस दिला असे नाही. एके काळी व्यापारही दिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर या फार मोठ्या नगराचा उल्लेख येतो, आणि तेथून साधे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरास नेत असत असे तो सांगतो. हे तगर म्हणजे तेरणा नदीकाठचे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले. लातुराहून तेर फार लांब नाही, आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही गावे उस्मानाबाद या एकाच जिल्ह्यात होती. मिसरच्या बंदरांतून आषाढाच्या सुमारास निघालेली जहाजे नैर्ऋत्य वाऱ्यावर भडोचेस किंवा मलबारास लागत, आणि मार्गशीर्ष-पौषात वारा फिरला की ईशान्येचा वारा शिडात घेऊन परतत. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू, विशेषतः पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जवळचे नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती, तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहिल्या म्हणजे तेरणेकाठच्या कोष्ट्याचा माग आणि रोमच्या बाजारातील गिऱ्हाईक यांच्यामधला धागा या वाऱ्याने कातलेला होता याविषयी शंका राहत नाही.

राष्ट्रकूट स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजे लातूर. त्यांची राजधानी पुढे मान्यखेटास गेली तरी मूळ गावाचा हा अभिमान त्यांनी बिरुदात जपला. कंधार येथे त्यांच्या काळी जो प्रचंड तलाव झाला त्याला जगत्तुंग-समुद्र असे नाव मिळाले, आणि या मुलखाच्या साधनांत समुद्र हा शब्द भेटतो तो बहुधा असाच, तळ्याच्या नावात. चालुक्य आणि यादवांच्या काळातील देवळांजवळ दगडी पायऱ्यांच्या बारवा खोदल्या गेल्या. पाणी जसे बारवेत तसे धान्य पेवात. पांढरीच्या कोरड्या मातीत खोल पेव खणून, आतून काडाने लिंपून, त्यात ज्वारी भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिके. एका वर्षी समुद्राने हात आखडता घेतला तर मागच्या वर्षाचे देणे पुरवून खावे, एवढी शहाणी तजवीज गावागावांत होती. ती मोडे ती वारा दोन वर्षे लागोपाठ हटला म्हणजे, किंवा पेवावर फौजेची नजर पडली म्हणजे.

दोन्ही गोष्टी एकदम घडल्या त्या १६३० ते १६३२ या सालांत. दख्खन आणि गुजरात येथील त्या दुष्काळाचे वर्णन शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने केले आहे. देहूस तुकोबांच्या घरावर त्याच दुष्काळाने आघात केला. बादशहाने बऱ्हाणपुरास दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांस वाटण्याचा हुकूम दिला, आणि त्याच बादशहाची फौज नसीरी खानाच्या हाताखाली कंधारच्या किल्ल्यास वेढा घालून बसली. १६३१ मध्ये किल्ला पडला. पाच वर्षांनी उदगीर आणि औसा यांची तीच गत झाली. अन्न मागणारे लष्कर आणि अन्न नसलेली रयत एकाच शिवारात समोरासमोर उभी राहिली असता काय होते, ते सांगण्यास तवारिखकाराची गरज नाही. त्याही आधीच्या एका दुष्काळात बिदरच्या सुलतानाचे सरकारी कोठार उपाशी रयतेला खुले करणारे मंगळवेढ्याचे दामाजीपंत या मुलखाने संत मानले, आणि अंमलदाराला संतपद देण्याचा असा प्रसंग आपल्या इतिहासात फार वेळा आलेला नाही.

या दुष्काळांचे मूळ कोठे आहे याचा शोध मात्र फार उशिरा, आणि तोही एका महाभयंकर संहारानंतर लागला. १८७६ ते १८७८ या सालांत मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाख्यातील दख्खन आणि निजामाचे राज्य यांत पावसाने दगा दिला. एकट्या ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. त्याच वेळी चीनच्या उत्तर भागात आणि ब्राझीलच्या ईशान्येसही दुष्काळ पडला होता, पण या तिन्ही आपत्तींची नाळ एक असेल अशी कल्पनाही कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते नुकतेच, १८७५ मध्ये, स्थापन झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाच्या राशींवरून पावसाचे अनुमान बांधण्याची रीत काढली आणि १८८६ पासून दरसाल सरकारी भाकीत निघू लागले. त्यांच्यामागून आलेले जॉन इलियट यांनी १८९९ मध्ये आशादायक भाकीत केले, आणि त्या वर्षी पाऊस असा फसला की दख्खनेत पुन्हा दुष्काळी कामे काढावी लागली.

१९०४ मध्ये त्या खुर्चीवर गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती आला. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे बूमरँग हे फेकीचे हत्यार हवेत का वळते याचा तो छांदिष्ट अभ्यासक होता. हवामानाचे शिक्षण त्याला नव्हते, आणि बहुधा त्यामुळेच पूर्वग्रहही नव्हते. त्याने जगभरच्या वेधशाळांचे दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे मागविले, हिंदी कारकुनांच्या फौजेकडून त्यांचे परस्परसंबंध वर्षानुवर्षे गणून घेतले, आणि त्यातून त्याला दिसले की प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला म्हणजे हिंदी महासागरावर उतरतो, आणि हिंदी महासागरावर चढला म्हणजे तेथे उतरतो. या हेलकाव्याला १९२४ च्या सुमारास त्याने दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. हवामान खात्याची ती कचेरी १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलली, आणि पुणेकर शिवाजीनगरातील त्या इमारतीला अद्यापि सिमला ऑफिसच म्हणतात.

वॉकरला आंदोलन दिसले, त्याचे कारण दिसले नाही. ते नॉर्वेजियन शास्त्रज्ञ याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये सांगितले. एरवी पूर्वेकडून वाहणारे वारे प्रशांत महासागराचे उबदार पाणी पश्चिमेस इंडोनेशियाकडे लोटून ठेवतात, तेथे हवा वर चढते, पाऊस पडतो. हे वारे मंदावले की ते पाणी पूर्वेस पेरूच्या किनाऱ्याकडे पसरते, वर चढणाऱ्या हवेचे ठाणे त्याच्यामागोमाग सरकते, आणि हिंदुस्थानावर हवा खाली दबून ढग धरू देत नाही. पेरूचे कोळी त्या उबदार पाण्याला एल निनो म्हणत आले होते. मात्र हा नियम कायद्याच्या कलमासारखा चालत नाही: १९९७ साली एल निनो अत्यंत प्रबळ असूनही हिंदुस्थानात पाऊस सरासरीच्या जवळपास राहिला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतील तापमानाचा स्वतःचाही एक हेलकावा असतो असे जपानमधील संशोधकांनी दाखविले.

निजामाच्या राज्यात नांदेडच्या अव्वल तालुकदाराला आणि गावच्या पटवाऱ्याला प्रशांत महासागराचा पत्ता नव्हता, पण आणेवारी लावणे त्यांना चुकत नव्हते. मांजरेवर त्या सरकारने १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर हे मोठे धरण बांधले; ते नदी मराठवाडा सोडून गेल्यावर, तेलंगणात, आणि त्याचे कालवे निजामाबादेकडे वाहिले. नांदेडचे नशीब त्यामानाने बरे, कारण तेथली गोदावरी त्र्यंबकेश्वराहून येते. वाऱ्याने सह्याद्रीवर टाकलेल्या ओझ्यातला काही भाग नदी आपल्या अंगावर वाहून नांदेडच्या घाटांना आणून देते, आणि विष्णुपुरीचा जलाशय त्याच देण्यावर उभा आहे. लातूरची मांजरा बालाघाटातच उगवते. ती पर्जन्यछायेत जन्मते, पर्जन्यछायेतच वाढते, आणि तिला सह्याद्रीचा एक थेंबही वारशाने मिळत नाही.

१९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या तोंडी अजून ताजा आहे: खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, सुकडी, आणि अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी घशाखाली उतरत नसे. त्याच वर्षी पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही माशांचा सारा धंदा उबदार पाण्याने बसला. लिमाचा कोळी आणि अहमदपूरचा सालगडी एकाच पाण्याचे बळी होते. त्या वर्षाच्या दुष्काळी कामांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप आले.

यानंतरचा प्रसंग २०१६ चा. मागील वर्षी एल निनोने पुन्हा डोके वर काढले होते, मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात आली. तिचा मार्ग पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा होता, म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा. ती अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये लातुरास पोहोचली तेव्हा येथला माल पश्चिमेकडच्या बाजारपेठांत नेण्यासाठी पोहोचली होती. शंभर वर्षांनी, रूळ रुंद झाल्यावर, उलट दिशेने पाणी येऊ लागले. आणि ते पाणी होते कृष्णेचे. सह्याद्रीच्या माथ्यावर वाऱ्याने जे उतरवून ठेवले होते, तेच घाटाच्या अलीकडे न पोहोचलेले देणे रेल्वेने सरकारी खर्चाने बालाघाटावर चढविले. ज्या खोऱ्यात आठशे मिलिमीटर पाऊस हेच भांडवल, तेथे वर्षभर पाणी पिणाऱ्या उसावर आणि साखर कारखान्यांवर एवढा भार टाकणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मोठ्याने विचारला गेला.

मग सप्टेंबरच्या अखेरीस, हस्त लागण्याच्या सुमारास, आभाळ फिरले. लातूर, नांदेड आणि पलीकडे बिदर या भागांत काही दिवसांतच असा पाऊस कोसळला की पुरात अडकलेली माणसे सोडविण्यास बचावपथके आणावी लागली. मांजरा धरण भरले, आणि पुढच्या हंगामात नदीकाठी उसाच्या लागणी पुन्हा सुरू झाल्या.